शनिवारी पीस, सोमवारी दगड

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझं वय ४४. घरूनच कॉम्प्युटरवर हिशेबाचं काम करते. दीड वर्षापासून सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं हे सगळं माझ्याकडे. उजव्या बाजूला मान आणि खवाट्याच्या मधे कायम ठणका असतो. गेले चार महिने दर शनिवारी मसाज घेते. त्या संध्याकाळी अंग पिसासारखं हलकं होतं, रविवार बरा जातो, आणि सोमवार मावळेपर्यंत पाठ पुन्हा दगड. मसाज करणाऱ्या बाई म्हणतात, गाठी जुन्या आहेत, दुखल्याशिवाय सुटायच्या नाहीत. मागच्या खेपेला कोपराने एवढं दाबलं की चार दिवस काळंनिळं होतं. त्यावर म्हणाल्या, अंगातलं विष बाहेर पडतंय. आमच्या ह्यांचं म्हणणं, तुझ्या पाठीला आता चटक लागलीय. मसाजने दुखणं बरं होतं की तेवढ्यापुरतं दबतं? चालू ठेवू की सोडू? आणखी एक, लिहायला लाज वाटते, पण दोनदा तिथे पडल्या पडल्या मला रडू आलं. असं का व्हावं?

ता. क. हल्ली सकाळी उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या असतात. झोपेत हात अंगाखाली येत असेल."

ताई,

फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट पाठ झाली आहे. माणूस अर्धा तास पाठीचं सांगतो आणि दाराच्या कडीला हात लावता लावता खरी गोष्ट बोलतो. तुमची ती गोष्ट ता. क. मध्ये आहे, म्हणून आधी तिचं बघू.

अंगठा आणि तर्जनी या जोडीला मुंग्या येतात तेव्हा मी दोन जागा तपासते. एक मान. तिथून निघणारी सहावी नस दबली की तिची तक्रार नेमकी या दोन बोटांत उमटते. मान मागे नेली किंवा उजवीकडे कलवली तर कळ हातात उतरते. दुसरी जागा मनगट. तिथल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस दबली की मुंग्या रात्री-पहाटे जास्त येतात, बहुतेक वेळा मधलं बोटही सामील असतं, आणि हात झटकला की बरं वाटतं. आता हात खरोखर अंगाखालीच येत असेल, असूही शकेल. पण मुंग्या रोजच्या झाल्या असतील तर हे अंदाजावर सोडायचं नाही. डॉक्टरांकडे जा. ते मान फिरवून बघतील, मनगटावर टिचक्या मारतील, हाताची ताकद बघतील. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

ते होईपर्यंत मानेवर जोराचा दाब नको, आणि मान कडकन मोडून घेणं तर मुळीच नको. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात. झटक्याने मान मोडल्यावर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर गेली आणि पक्षाघात झाला, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. क्वचित घडतं, पण ज्याचं घडतं त्याच्यासाठी ते क्वचित नसतं.

हातातून वस्तू सुटायला लागल्या, चालताना पाय अडखळायला लागला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर वेळ ठरवून जाऊ नका, त्याच दिवशी जा. पाठीच्या दुखण्यासोबत ताप असेल, काही न करता वजन उतरत असेल, किंवा ठणक्याने रात्रीची झोप मोडत असेल, तरी आधी डॉक्टर, मसाज नंतर. आणि खांदा-हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम आला तर पाठ विसरा, तडक इस्पितळ गाठा.

आता तुमचा प्रश्न. बरं होतं की दबतं, असं तुम्ही विचारलंय. मला दोन्ही शब्द पटत नाहीत. मसाजने उसंत मिळते. उसंत ही काही किरकोळ गोष्ट नाही, पण ती उसंतच असते.

मूल धडपडलं की आपण आधी त्याचा गुडघा चोळतो. का चोळतो? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये याचं एक उत्तर मांडलं. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एका फाटकातून जातो. स्पर्शाचे आणि दाबाचे निरोप जाड, जलद तंतूंमधून येतात आणि ते आले की दुखण्यासाठी फाटक थोडं लोटलं जातं. त्यांच्या मांडणीत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. शिवाय आपल्या केसाळ त्वचेत काही बारीक तंतू आहेत, ते हळुवार कुरवाळण्यालाच प्रतिसाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर हा त्यांचा आवडता वेग. आत्ता करून बघा. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत न्या, पाच-सात सेकंद लावून. मग तेच झपकन न्या. पहिल्या वेळी खांदा आपोआप खाली आला असेल. चांगल्या मसाज करणाऱ्याचा हात हा वेग न मोजता पकडतो.

म्हणजे मसाजचं बरंचसं काम नसांत आणि मेंदूत चालतं. स्नायू पिळून काढून त्यातलं काही बाहेर टाकायचं असतं, असं नाही. तुमच्या बाई "विष" म्हणतात ते काय असतं, हे मी बऱ्याच जणांना विचारलं, नाव कुणालाच सांगता आलं नाही. कुणी लॅक्टिक ॲसिड म्हणतं. ते व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर स्वतःच निकालात काढतं, त्याला कोपराची गरज नसते. उरलेला कचरा यकृत आणि मूत्रपिंडं बघतात. काळंनिळं होणं म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त पाझरणं, दुसरं काही नाही. मसाजनंतर एक-दोन दिवस अंग थोडं आंबलेलं वाटणं समजू शकते. वळ उठणं म्हणजे दाब चुकला.

"गाठी"चंही तसंच. हाताला दोरीसारखी ताठ, दाबली की कळ येणारी जागा लागते, ते खरं आहे. माझ्याही बोटांना रोज लागते. पण ती दोरीची गाठ नव्हे की नखाने उकलावी. शिवाय एकाच पाठीवर दोन जाणत्यांना गाठी शोधायला सांगितल्या तर त्यांच्या जागा बऱ्याचदा जुळत नाहीत, हे आमच्या धंद्यातलं जरा अवघड सत्य आहे. घट्टपणा बराचसा राखणीचा असतो. दुखऱ्या जागेभोवती शरीर स्नायू आवळून पहारा ठेवतं. पहारेकऱ्याला कोपराने ढोसलं तर तो झोपत नाही, जास्तच सावध होतो.

यावर एक अभ्यास मला फार उपयोगाचा वाटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीचे ४०१ रुग्ण घेतले. काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, नेमके स्नायू-अस्थिबंध हेरून केलेला मसाज दिला, काहींना साधा अंग सैलावणारा मसाज, आणि बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. दोन्ही मसाजवाल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडला आणि दोन्ही मसाजांमध्ये सांगण्यासारखा फरक निघाला नाही. सहा महिन्यांपर्यंत थोडाबहुत फायदा टिकला, वर्षअखेर अगदी थोडका उरला. "दुखल्याशिवाय सुटायच्या नाहीत" म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते.

तुमचं दुखणं मानेकडचं आहे, म्हणून दुसरा अभ्यास. २०१४ चा, जुनाट मानदुखीच्या २२८ लोकांवरचा. चार आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाचे मसाज घेतलेल्यांना, आठवड्यातून दोनदा घेतले काय नि तीनदा घेतले काय, वाट बघत राहिलेल्यांपेक्षा ठळक फायदा झाला नाही. तासाभराचा मसाज आठवड्यातून दोन-तीनदा घेतलेल्यांना झाला. तेव्हा महिनाभर नेटाने घ्यायचं, मग थांबून हिशेब करायचा, हे चार महिने दर शनिवारी चालढकल करण्यापेक्षा शहाणपणाचं दिसतं. हिशेब तर तुमचाच विषय आहे.

पारडं फार झुकवायला नको म्हणून हेही सांगते. २०१५ मध्ये कंबरदुखी आणि मसाजवरचे २५ अभ्यास, तीन हजारांवर रुग्ण, एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा की आराम पडतो तो बहुतेक थोड्या काळाचा आणि पुरावा तकलादू. ब्रिटनमधल्या २०१६ च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांत मसाजला जागा आहे, पण अट घालून: सोबत व्यायाम हवा, एकटा मसाज नको.

तर मग सोमवारी दगड का होतो? चटक लागते म्हणून नाही. स्नायूंना मसाजची चटक लागत नाही, हे घरात सांगून टाका. सोमवारी दगड होतो कारण सोमवारी तुम्ही पुन्हा तेच करता जे दीड वर्षं करताय. मला विचाराल तर तुमच्या पत्रातला खरा उपचार सासूबाईंच्या पलंगाशी आहे, मसाजच्या टेबलाशी कमी.

पलंग भिंतीला लागून आहे का? बहुतेक घरांत असतो. म्हणजे तुम्हाला एकाच बाजूने उभं राहावं लागतं, एकाच दिशेने वाकावं लागतं आणि ओढणारा हात दर वेळी तोच, उजवा. दिवसातून आठ-दहा वेळा, दीड वर्षं. एवढ्यावर उजवा खवाटा कुरकुरणार नाही तर काय करेल? पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून घ्या, दोन्ही बाजूंनी जाता येईल असा. पायांखाली भक्कम ठोकळे देऊन उंची तुमच्या कंबरेपर्यंत येत असेल तर द्या, पण आधी तो हलत नाही ना ते बघा. आणि ज्यांना स्वतः उतरायचा प्रयत्न करायची सवय आहे त्यांचा पलंग उंच करायचा नसतो.

कुशीवर वळवताना उचलायचं नाही, कलंडवायचं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला तुम्ही उभ्या राहा. त्यांचा तुमच्यापासून लांबचा हात छातीवर आडवा ठेवा, लांबचा गुडघा दुमडून पाऊल गादीवर टेकवा. मग एक हात त्यांच्या लांबच्या खांद्यामागे, एक कंबरेच्या हाडामागे, आणि त्यांना सांगून, "तीन म्हटलं की वळायचं हं", तुम्ही स्वतः मागच्या पायावर भार नेत जा. त्या वळतात ते तुमच्या वजनाने, तुमच्या मानेने नव्हे. दुमडलेला गुडघा अर्धं काम करतो, एकदा केलंत की चकित व्हाल. वर सरकवायचं असेल तर खांद्यांपासून मांड्यांपर्यंत एक मजबूत चादर घडी घालून त्यांच्या खाली कायमची ठेवा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी तिच्या कडा धरून सरकवा. दोघांनी, असं मुद्दाम लिहिलं. काखेत हात घालून एकटीने ओढणं आजपासून बंद. त्यात तुमची मान जाते आणि त्यांचा खांदा.

दुसरा माणूस कोण, हे तुमच्या घरात उघड आहे. चटकेबद्दल ज्यांचं मत आहे त्यांनी एक आठवडा स्वतःच्या आईला एकट्याने उठवावं, बसवावं, वळवावं. मग शनिवारी टेबलावर कोण पडतं ते बघू.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. माउस कीबोर्डच्या अगदी लगत घ्या, कोपर अंगाजवळ राहील असा. हात लांबवून आकड्यांमधून माउस फिरवत राहिलात तर तोच खवाटा दिवसभर हात तोलून धरतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा, एक फेरी मारा. बसण्याची आदर्श पद्धत वगैरे मी सांगत बसत नाही, कारण कितीही चांगली बैठक तीन तास न हलता धरली की वाईटच.

मिळालेली उसंत वापरायची ती अशी. रविवारी अंग हलकं असतं तेव्हा तुम्ही बहुधा साचलेली कामं उपसत असाल. त्याऐवजी त्या हलकेपणात स्नायूंना थोडं काम द्या. खवाटे मागे आणि किंचित खाली घ्या, पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. लवचिक पट्टा दाराच्या कडीत अडकवून होडी वल्हवल्यासारखा ओढायचा, दहा-बारा वेळा. सकाळ-संध्याकाळ. करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी निवळलं तर चालेल. त्याने मुंग्या वाढल्या तर मात्र थांबा आणि तपासणाऱ्यांना सांगा. व्यायाम आठवडाभराने जाणवत नाही, सहा-आठ आठवडे द्यावे लागतात. त्या आठवड्यांत दुखणं सुसह्य ठेवणं हे मसाजचं काम.

मधल्या दिवसांसाठी घरगुती उपाय. टेनिसचा चेंडू लांब मोज्यात घाला, मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे घेऊन हाताने धरा आणि चेंडू पाठ नि भिंतीच्या मधे ठेवून त्यावर रेला. मोज्यामुळे चेंडू घरंगळत नाही. मणक्यांवर नाही, त्यांच्या उजव्या बाजूच्या मऊ पट्ट्यावर. दुखऱ्या जागी मिनिटभर, श्वास चालू ठेवून. बास, जास्त नको.

आता तुमच्या बाईंबद्दल. त्यांना सोडाच असं मी म्हणत नाही, आधी बोलून बघा. सुरू करण्यापूर्वी सांगा: "दहापैकी पाचच्या वर दाब नको, मी बास म्हटलं की थांबायचं." पाच म्हणजे किती, याला सोपी खूण आहे. श्वास रोखला गेला किंवा पायाची बोटं आखडली, की पाच कधीच ओलांडलेत. चांगला मसाज करणारा हे तुमच्याआधी ओळखतो आणि हात हलका करतो. तुम्ही "दुखतंय" म्हटल्यावर ज्यांचा हात जास्त जोर लावतो त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तुम्हाला काही विचारलं होतं का? औषधं कोणती, आजार कोणते? नसेल, तर आपणहून सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडं, मधुमेहाने बधिरलेली पावलं, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर दाब आणि जागा बदलावी लागते. ताप असताना किंवा त्वचेला संसर्ग असताना मसाज नाही.

सासूबाईंचे पाय तुम्ही चेपत असाल, म्हणून एक वेगळी सूचना. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या एकाच पोटरीला सूज आली, ती गरम आणि दुखरी झाली, तर चुकूनही चोळायची नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. लगेच डॉक्टरांना दाखवायचं. एरवी हलक्या हाताने जरूर चेपा.

चालू ठेवायचं की नाही? तपासणीत काही अडचण निघाली नाही तर महिनाभर ठेवा. पण आज दोन गोष्टी लिहून ठेवा: किती मिनिटं बसल्यावर ठणका सुरू होतो, आणि उजवीकडे मान वळवल्यावर मागचं किती दिसतं. महिन्याने पुन्हा बघा. दोन्ही जिथल्या तिथे असतील तर दुखण्यासाठी म्हणून मसाज थांबवा आणि व्यायामावर भर द्या. नुसतं बरं वाटतं म्हणून मग महिन्यातून एकदा गेलात, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिलं रडू. त्यात लाज कसली? मसाजने ताणाचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक धडाधड उतरतं असं सगळीकडे छापून येतं. २०११ मध्ये त्यावरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो परिणाम अगदीच किरकोळ निघाला. पण एका मसाजनंतरही मनाची घालमेल कमी होते, हे मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. आणि तुमच्याबाबतीत मला तर साधं कारण दिसतं. दीड वर्षं तुमचे हात दिवसभर दुसऱ्याच्या अंगाला लागतात. तुमच्या अंगाला, तुमच्याकडून काहीही नको असलेला हात, आठवड्यातून तो एक तास लागतो. तेवढ्यात राखण सैल पडते. माझ्याकडे महिन्यातून दोघं-तिघं तरी रडतात, त्यात धिप्पाड पुरुषही असतात. आम्ही हात न थांबवता काम चालू ठेवतो, नाहीतर नुसता तळवा पाठीवर टेकवून थांबतो. विचारत काही नाही. रडू टेबलापुरतं न राहता घरीही येत असेल, झोप उडाली असेल, तर मात्र मोकळेपणाने डॉक्टरांना तेही सांगा, मुंग्यांसोबतच.

बाईंना आधी सांगून ठेवा, "मला मधेच रडू येतं, घाबरू नका." आणि पालथं झोपायच्या त्या टेबलाला चेहऱ्यासाठी भोक असतं ना, त्याच्या खाली जमिनीवर एक रुमाल टाकायला सांगा. मी टाकते. नाहीतर सगळं माझ्या चपलांवर पडतं.